अंडंही ‘कॉडल’ आणि नातूही ‘कॉडल’: हे कसं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलीच्या अकरावीच्या इंग्रजी सरावात एक उतारा आला. त्यातली आजी आजारी नातवाला हिवाळाभर ‘कॉडल’ करते आणि शेवटी त्याचा मामा वैतागून म्हणतो की आता पुरे झालं हे ‘कॉडलिंग’. त्याच आठवड्यात तुम्ही एक इंग्रजी पाककृती वाचत होतात, तिथे लिहिलं होतं की अंडी ‘कॉडल’ करा. कोशात पाहिलंत तर एक अर्थ ‘लाड करणे’ आणि दुसरा ‘मंद आंचेवर शिजवणे’. मुलीने विचारलं, ‘म्हणजे अंड्याचे लाड करायचे?’ शब्द एकच आहे की दोन, तो कुठे वापरायचा आणि मराठीत काय म्हणायचं, हे तुम्हाला हवंय.

शब्द एकच आहे. मुलगी चेष्टेत बोलली पण बरंचसं बरोबर बोलली, फक्त ‘लाड’ हा शब्द तेवढा चुकला, आणि ती चूक तिची नाही, कोशाची आहे. मी तीस वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते आहे. त्यात पाककृतींची पुस्तकं आली तसे पालकांसाठीचे लेखही आले, आणि या एका क्रियापदाने मला दोन्हीकडे तोंडघशी पाडलंय. म्हणून जरा लांबून सांगते.

आधी अंडं.

पाणी तापताना नीट बघा. आधी कोमट होतं, मग हाताला सोसेनासं कढत होतं, मग पातेल्याच्या तळाशी मोहरीएवढे बुडबुडे धरतात, एखाददुसरा सुटून वर येतो. त्यानंतर कड येतो आणि मग ते खळखळ उकळायला लागतं. आपण अंडं उकडतो ते या शेवटच्या टप्प्यावर. कॉडल करायचं ते बुडबुडे धरलेत पण पाणी अजून हललेलं नाही, त्या टप्प्यावर. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६२-६३ अंशांना दाटायला लागतो. बलक ६५च्या सुमारास घट्ट होऊ लागतो आणि ७०च्या आसपास धरतो. पांढऱ्यातलं सगळ्यात जास्त प्रमाणात असलेलं प्रथिन मात्र ८०च्या घरात गेल्याशिवाय आवळत नाही. ते आवळलं की पांढरं रबरासारखं होतं. त्याच्या खाली राहिलात तर ते खरवसासारखं थरथरतं, आणि बलक ओघळता ओघळता थांबल्यासारखा होतो. सगळी कला आहे ती विस्तव आवरण्याची.

यासाठी इंग्रजांनी खास भांडं काढलं. छोटासा चिनीमातीचा पेला, त्याला फिरवून बसवायचं धातूचं झाकण, झाकणावर उचलायला कडी. रॉयल वूस्टर या नामांकित इंग्लिश चिनीमातीवाल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी असे पेले काढले. त्यांवर फळं-फुलं रंगवलेली असायची, आणि आज ते जुन्या वस्तूंच्या दुकानांत मिळतात. पेल्याला आतून लोणी फासायचं, अंडं फोडून घालायचं, मीठ-मिरपूड, हवी तर चमचाभर साय, झाकण लावायचं आणि पेला गळ्यापर्यंत बुडेल एवढ्या पाण्यात उभा करायचा. पेला नसेल तर अंडं कवचासकट कढत पाण्यात ठेवून गॅस बंद करून पातेलं झाकतात. दोन्हीला कॉडल करणंच म्हणतात. मी आपली घरच्या वाटीत करते, आणि अनुभवाने सांगते की स्टीलची वाटी या कामाला वाईट. ती पाण्याचा ताप एकदम आत घेते आणि कडेचं पांढरं आवळून जातं. चिनीमातीची किंवा जाड काचेची घ्या.

हाफ बॉइल ते हेच का, असं लगेच कुणी विचारेल. नाही. हाफ बॉइलमध्ये वेळ कमी असतो, पाणी उकळतंच असतं. कॉडलमध्ये तापच कमी असतो. आणि अंडं ‘पोच’ करणं म्हणजे कवच फोडून ते थेट पाण्यात सोडणं. तिथे अंड्याला ना कवचाचा आडोसा, ना पेल्याचा. हा आडोसा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पाककृतीत एका ठिकाणी मात्र शब्द फसवतो. सीझर सॅलडच्या कृतीत ‘एक मिनिट कॉडल केलेलं अंडं’ असं येतं. हे सॅलड सीझर कार्डिनी नावाच्या इटालियन माणसाने १९२४ साली मेक्सिकोतल्या तिहुआना गावी केलं असं सांगतात. त्यातलं अंडं उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढतात, म्हणजे ते जवळजवळ कच्चंच असतं, फक्त जरा दाट होऊन तेलात नीट मिसळतं. तिथे ‘शिजवा’ लिहिलंत तर वाचक पाच मिनिटं शिजवणार आणि सॅलडवर अंड्याचा चुरा पडणार. मी लिहिलं होतं. पुस्तक छापून आल्यावर एका वाचक बाईंचा फोन आला, ‘तुमच्या सॅलडची अंडाभुर्जी झाली हो.’

आणि एक सावधगिरी. अर्धवट शिजलेल्या अंड्यात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू जिवंत राहू शकतो. अंड्याचे पदार्थ ७१ अंशांपर्यंत तापवा असं अमेरिकेचं कृषी खातं सांगतं. कॉडल केलेल्या अंड्याचा बलक बहुतेक वेळा तिथवर पोचत नाही. म्हणून गरोदर बाई, तान्हं मूल, म्हातारं माणूस आणि आजारी, यांना ते देऊ नका. गंमत अशी की ज्यांना कॉडल करायचं त्यांनाच नेमकं कॉडल केलेलं अंडं चालत नाही. पूर्वी असं नव्हतं; पूर्वी हे आजाऱ्याचंच खाणं होतं, आणि शब्दाचा सगळा प्रवास तिथूनच निघालाय.

सोळाव्या शतकाच्या शेवटी हा शब्द इंग्रजीत दिसायला लागतो तेव्हा तो अंड्यांपेक्षा फळांसाठी जास्त आहे. हिरवी, कडक, आंबट सफरचंदं नुसती खाववत नाहीत, ती पाण्यात हळू मऊ करून साखर-सायीबरोबर खात. अशा स्वयंपाकाच्या सफरचंदाला ‘कॉडलिंग’ म्हणत. शेक्सपिअरच्या एका नाटकात तारुण्याच्या उंबरठ्यावरच्या पोराचं वर्णन आहे: धड मुलगा नाही, धड पुरुष नाही, जसं सफरचंद होत आलेलं कॉडलिंग. सफरचंदात शिरणाऱ्या अळीच्या पतंगालाही त्यावरूनच नाव पडलंय, कॉडलिंग मॉथ. शेतीचं इंग्रजी वाचणाऱ्यांना तो भेटला असेल. त्याचा लाडांशी काही संबंध नाही.

शब्दाचं मूळ बहुधा ‘कॉडल’ याच उच्चाराच्या जवळ जाणाऱ्या एका जुन्या पेयात आहे, असं कोशकार मानतात. मराठीत दोन्ही सारखेच लिहावे लागतील म्हणून त्याला मी ‘कौडल’ म्हणते. गरम वाइन किंवा ‘एल’ नावाची बिअर, त्यात अंड्याचा बलक, साखर, मसाले आणि दाटपणासाठी ब्रेड किंवा ओटची पेज. हे पेय आजाऱ्याला देत आणि बाळंतिणीला देत. बाळ बघायला आलेल्या बायकांनाही त्यातलं वाढत. त्यासाठी दोन कानांचे, झाकणाचे खास पेले असत, चांदीचे नाहीतर चिनीमातीचे, आणि ते आजही संग्रहालयांत मांडलेले आहेत. हे वाचताना मला आमच्या घरची बाळंतिणीची खोली आठवते: अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, कमरेला शेक, दाराला पडदा. पेयाचं नाव जुन्या फ्रेंचमधून आलं, आणि ते ज्या लॅटिन शब्दातून आलं त्याचा अर्थ नुसता ‘गरम’. भाजणं या अर्थाचा इंग्रजी ‘स्काल्ड’ आणि कढईसारखा मोठा ‘कॉल्ड्रन’ हेही त्याच घराण्यातले. एकाच गरमपणातून एका शब्दाने चटका घेतला, दुसऱ्याने ऊब.

आता ऊब माणसाकडे कशी गेली ते बघू.

अंगात कणकण असलेल्या माणसाला गरम-मऊ द्यायचं, पांघरूण घालायचं, वारा लागू द्यायचा नाही. हे सगळं मिळून कॉडल करणं झालं. या अर्थाचा जुन्यात जुना दाखला म्हणून कोशांत जेन ऑस्टिनच्या ‘एमा’मधलं वाक्य देतात. कादंबरी १८१५च्या डिसेंबरात आली. त्यात एमाची थोरली बहीण सतत स्वतःच्या, मुलांच्या आणि नवऱ्याच्या तब्येतीची धास्ती घेऊन बसलेली. एके संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणते की बाबांना तुम्ही काही बरे दिसत नाही. तो भडकतो. तुझी औषधं आणि तुझं हे कॉडलिंग तुझ्यापुरतं आणि मुलांपुरतं ठेव, मी कसा दिसतो ते माझं मला बघू दे, अशा अर्थाचं बोलतो.

हे वाक्य मला फार आवडतं, कारण शब्द माणसाच्या अंगावर आला तोच चिडलेल्या माणसाच्या तोंडून आला. ज्याला जपलं जातंय तो म्हणतोय, नको. त्या कादंबरीत आणखी एक मजा आहे. या दोघी बहिणींचे वडील म्हणजे काळजीचं मूर्तिमंत रूप. लग्नाचा केक कुणी खाऊ नये, उघड्या दारातून वारा येऊ नये, पातळ पेजेइतकं चांगलं खाणं नाही, असं त्यांचं ठाम मत. घरी आलेल्या म्हाताऱ्या बाईंना ते आग्रह करतात तो कसला? अगदी मऊ उकडलेल्या अंड्याचा. आमच्या आचाऱ्याइतकं अंडं उकडणं कुणाला जमत नाही, अशी वर शिफारस. आणि भाजलेली सफरचंदं खायची तर ती तीनदा भट्टीत गेलीच पाहिजेत असं त्यांनी एका शेजारणीकडून कबूल करून घेतलेलं. ती बिचारी दोनदाच भाजून घेते आणि हे त्यांना सांगू नका म्हणते. मऊ अंडी, मऊ सफरचंदं, पेज आणि वाऱ्याची भीती. शब्दाचे दोन्ही अर्थ एका घरात नांदताना बघायचे असतील तर हे घर बघा.

म्हणजे धागा असा आहे: कॉडल करणं म्हणजे ताप आवरून धरणं. अंड्याला उकळी लागू द्यायची नाही, माणसाला जगाची झळ लागू द्यायची नाही. पण स्वयंपाकघरात ही तारीफ आहे आणि माणसाच्या बाबतीत बहुतेक वेळा तक्रार. शब्द वापरताना चुकतं ते इथे.

‘माय ग्रॅनी कॉडल्ड मी’ असं कुणी स्वतःबद्दल हसत म्हणालं तर त्यात माया असते, पण कबुलीही असते की मी जरा नाजूकच वाढलो. दुसऱ्याबद्दल म्हटलं की बोच आली. ‘डोन्ट कॉडल हिम’ हे वाक्य जितक्या वेळा ऐकू येईल तितक्या वेळा ‘डू कॉडल हिम’ ऐकू येणार नाही. माझ्या ओळखीच्या एकाने परदेशातल्या आपल्या वयोवृद्ध प्राध्यापिकेला निवृत्तीच्या वेळी पत्र लिहिलं, त्यात ‘तुम्ही आम्हा सगळ्यांना कॉडल केलंत’ असं होतं. त्याला म्हणायचं होतं, आमचे लाड केलेत. बाईंनी वाचलं असेल, तुम्ही आम्हाला कच्चं ठेवलंत. बाई मोठ्या मनाच्या, हसून सोडून दिलं.

आजूबाजूच्या शब्दांशी लावून बघितलं की हा फरक जास्त कळतो. ‘पॅम्पर’ हाही मुळात खाण्याचाच शब्द आहे, मध्ययुगात त्याचा अर्थ होता ठासून खाऊ घालणं. आता तो जाहिरातींनी धुऊन पुसून गोड केलाय. ‘स्वतःला पॅम्पर करा’ असं ब्यूटी पार्लरच्या पाटीवर असतं. ‘स्वतःला कॉडल करा’ असं कुणी लिहिणार नाही. (१९६१ साली अमेरिकेत आलेल्या लंगोटांनी तर तो शब्द आपल्याकडच्या आज्यांच्याही तोंडी नेऊन ठेवला. ‘पॅम्पर्स बांधलंय ना?’ असं विचारताना आपण इंग्रजी बोलतोय हे त्यांच्या गावीही नसतं.) ‘स्पॉइल’ म्हणजे मागेल ते देऊन बिघडवणं. ‘कॉसेट’ हे मुळात आईविना हातावर वाढवलेलं कोकरू, त्यावरून जवळ घेऊन जपणं; इंग्लंडात आरामदायी गाड्यांचं कौतुक करताना हा शब्द सर्रास येतो. कॉडल यांच्यात वेगळा पडतो, कारण त्यात देणं नाही, अडवणं आहे. मुलाला तीन सायकली घेऊन दिल्या तर ते स्पॉइल. पडेल म्हणून सायकल शिकूच दिली नाही तर ते कॉडल. पहिल्यात खर्च आहे, दुसऱ्यात एक पैसा लागत नाही.

‘मॉलीकॉडल’ हा त्याचा आणखी टोचरा भाऊ. मॉली हे मेरीचं घरगुती नाव, आणि नाजूक पुरुषाला हिणवायला ते वापरत. आपली ‘भागूबाई’ तीच. दोन्ही भाषांना भित्र्या पुरुषासाठी बाईचंच नाव सापडावं यात नवल नाही, राग मात्र येतो. फेब्रुवारी १९०७मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हार्वर्डमध्ये बोलताना म्हणाले की कॉलेजांनी धडधाकट पुरुषांऐवजी मॉलीकॉडल बाहेर काढावेत हे मला बिलकूल मान्य नाही. हा गृहस्थ लहानपणी दम्याने बेजार होता आणि मेहनतीने शरीर कमावून पुढे आला होता. ज्याने स्वतः घोंगडी फेकली त्याला दुसऱ्याच्या अंगावरची घोंगडी दिसली की सहन होत नाही, असं काहीसं असावं.

या शब्दाचं दुसरं टोक कोणतं सांगू? ‘हार्ड-बॉइल्ड’. तोही अंड्याचाच. टणक उकडलेलं अंडं, त्यावरून दयामाया नसलेला, जगाने शिजवून काढलेला माणूस. जुन्या अमेरिकन गुप्तहेरकथांतले डिटेक्टिव्ह याच नावाने ओळखले जातात. म्हणजे इंग्रजीने अंड्यावरून माणसाची परीक्षा ठेवली: या टोकाला कॉडल, त्या टोकाला हार्ड-बॉइल्ड.

जाता जाता डब्लिनचं कॉडल. आयर्लंडच्या राजधानीत हे नाम आहे आणि एका पदार्थाचं नाव आहे: डुकराच्या मांसाची सॉसेजेस, बेकनचे काप, बटाटे, कांदे, हे सगळं एका भांड्यात पाण्यात किंवा रश्शात मंद विस्तवावर बराच वेळ. सॉसेज आधी परतत नाहीत म्हणून ते फिकट दिसतं आणि परके लोक नाकं मुरडतात. कॅथलिक घरांत शुक्रवारी मांस वर्ज्य असे, म्हणून गुरुवारी रात्री उरलंसुरलं संपवायला हे होई. आपल्याकडे श्रावणाच्या तोंडावर गटारी असते, तसा हिशेब, फक्त दर आठवड्याला. डब्लिनच्या माणसासाठी या शब्दात रागलोभ काही नाही, घरचा वास आहे.

फ्रेंचमध्येही हीच जोडी आहे, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं होतं. ‘मितोने’ म्हणजे मंद आंचेवर बराच वेळ शिजवत ठेवणं, आणि जुन्या फ्रेंचमध्ये एखाद्याला ‘मितोने’ करणं म्हणजे त्याची मायेने बडदास्त ठेवणं. दोन शेजारी भाषांना वेगवेगळ्या मुळांतून एकच गोष्ट दिसली.

आता तुमचा खरा प्रश्न, मराठीचा.

माझी मोठी चूक इथे झाली होती. पालकत्वावरच्या एका लेखात ‘कॉडल्ड चिल्ड्रन’ होतं. कोश उघडला, ‘लाड करणे’ दिसलं, मी लिहून टाकलं ‘लाडकी मुलं पुढे संकटाला तोंड देऊ शकत नाहीत’. संपादकांनी शेजारी पेन्सिलीने लिहिलं, ‘लाडकी असली म्हणून काय बिघडलं?’ बरोबरच होतं. मराठीत लाड हा वाईट शब्द नाही. लाडाची लेक, लाडाकोडात वाढलेली, आजोळचे लाड, यात कुणाला काही खुपत नाही. त्याला वाईट करायला आपल्याला विशेषण जोडावं लागतं, ‘फाजील लाड’ किंवा ‘नको ते लाड’, नाहीतर ‘शेफारला’, ‘डोक्यावर बसवलाय’ अशा शब्दांकडे जावं लागतं. आणि हे सगळे शब्द ‘स्पॉइल’ला जास्त लागू पडतात. शेफारलेला मुलगा उद्धट असतो. कॉडल केलेला मुलगा उद्धट असेलच असं नाही, तो गरीब, आज्ञाधारक, पण पावसात भिजायला घाबरणारा असू शकतो.

त्यामुळे बरीच वर्षं मी ज्या शब्दावर येऊन थांबले आहे तो म्हणजे जपणं. तळहातावरच्या फोडासारखं जपणं. फुलासारखं जपणं. दुधावरच्या सायीसारखं जपणं. आडोसा, नाजूकपणा, झळ लागू न देणं, हे सगळं त्यात आहे. आणि जपणं हे अंड्यालाही लागतं! ‘जपून शिजव’ असं आपण सहज म्हणतो. लाड अंड्याचे करता येत नाहीत, जपता येतं. बोच आणायची असेल तर ‘इतकं’ घाला: ‘त्याला इतकं जपू नकोस.’ बस, ‘डोन्ट कॉडल हिम’ आलं. चढा सूर हवा असेल तर ‘किती ते जपणं!’

दुधावरची साय म्हटलं आणि एक गोष्ट सांगायची राहिली. आपल्याकडे नातवंडांना दुधावरची साय म्हणतात, आणि साय धरते ती मंद तापावर. चुलीच्या काळात दूध मुख्य जाळावर नाही, बाजूच्या वैलावर ठेवत, तिथे जाड साय येई. जाळ मोठा झाला की ते उतू जातं. आणि मराठी माणूस टोमणा मारताना काय म्हणतो? ‘फारच प्रेम उतू चाललंय.’ म्हणजे चुलीवरून मायेचं मोजमाप आपणही करतो, पण आपल्याला खटकतो तो जास्तीचा ताप, आणि इंग्रजाला खटकतो तो कमी पडलेला. त्याच्या मते कॉडल केलेलं पोर कच्चं राहतं. आपल्या मते माया उतू गेली की चूल विझते आणि घरभर वास सुटतो.

कच्चं राहण्याची कल्पना आपल्याकडे नाही असं मात्र नाही. खेळात धाकट्या भावंडाला घ्यावं लागलं की आपण सांगायचो, हा कच्चं लिंबू. त्याच्यावर राज्य येत नाही, तो आउट होत नाही. तेच कॉडलिंग, पोरांनी पोरांचं केलेलं. आणि मोठेपणी याच्या उलट माणसाला म्हणतात, ‘तावून सुलाखून निघालाय’ किंवा ‘मुरलेला आहे’. मुरण्यात विस्तव नाही, वेळ आणि मीठ आहे, हा एक आपला खास मराठी तोडगा.

बाकी ठिकाणी संदर्भ बघून शब्द बदला. सरकार एखाद्या उद्योगाला कॉडल करतं असं अग्रलेखात आलं तर ‘चोचले पुरवतं’ किंवा ‘फाजील लाड करतं’ चालेल, कारण तिथे सवलती दिल्या जाताहेत. ‘चोचले’ हा शब्द तसा जिभेचा, त्यामुळे खाण्याची किनारही राहते. कैद्यांना कॉडल केलं जातंय अशी ओरड असेल तर ‘जावयासारखी सरबराई’. कुणी आपली जुनी स्कूटर कॉडल करत असेल तर ‘जिवापाड जपतो’. रोपं कॉडल करणारा बागकाम्या नुसता ‘जपतो’, तिथे टोमणा नाही. मॉलीकॉडलला मी ‘भागूबाई’ करते, पण बोलणारा तसा असेल तरच. पाककृतीत एकच क्रियापद शोधत बसू नका. ‘उकळी न आणता कढत पाण्यात जपून शिजवा’ असं सरळ लिहा. मराठी स्वयंपाकाला वाक्य लांबल्याचं दुःख नसतं, अंडं दगड झाल्याचं असतं.

आणि उच्चार. आपल्याकडे ‘कडल’ आणि ‘कॉडल’ यांची फार गल्लत होते. ‘कडल’ म्हणजे कुशीत घेणं. आई बाळाला कडल करते त्यात कुणाला आक्षेप नसतो. कॉडलमधला स्वर ‘कॉट’मधल्यासारखा तोंड उघडून म्हणायचा. मुलीला एवढं सांगा: कुशीत घेतलं ते कडल, कुशीतून उतरूच दिलं नाही ते कॉडल.

तुमच्या उताऱ्यासाठी मी असं लिहीन. आजीचं वाक्य: ‘आजीनं अख्खा हिवाळा त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं.’ इथे बोच नको, कारण लेखक आजीच्या बाजूने बोलतोय आणि पोर खरंच आजारी आहे. मामाचं वाक्य: ‘पुरे झालं आता त्याचं ते जपणं, जरा बाहेर सोड त्याला.’ शब्द दोन्हीकडे एकच राहिला, बोलणारा बदलला आणि सूर आपोआप बदलला. इंग्रजीतही नेमकं तेच झालंय, म्हणून एका जागी ‘जपणं’ आणि दुसरीकडे ‘लाड’ असं करू नका.

आणि अंडं करून बघणार असाल तर वाटी चिनीमातीची, आतून लोणी, वर झाकण. पाण्याला बुडबुडे धरले की गॅस बारीक करा, वाटी ठेवा, सात ते आठ मिनिटं. फ्रिजमधलं अंडं असेल तर मिनिटभर जास्त. आणि मध्येच झाकण उचलून बघू नका, आतली वाफ निघून जाते.